सायकालचं घर काढताना

गावातल्या मुकाश आबांनी सकाळी फाटकाशी उभं राहून मेलिसचा फोन मागितला. मुकाश आबा म्हणजे फोन हातात दिला तर उलटा कानाला लावून "हॅलो, हॅलो" करणारा माणूस. त्यांना फोन कशाला हवा? पण आमच्याकडे पांढऱ्या दाढीच्या माणसाला 'कशाला' असं विचारत नाहीत. मेलिसनं गपचूप खिशात हात घालून फोन काढून दिला.

"बंद करून दे," आबा म्हणाले.

"आबा, लोकांचे फोन येतात हो, घरांच्या नकाशांसाठी."

"येऊ देत. आज एकच नकाशा काढायचा. सायकाल कधीची मागे लागली आहे ना तुझ्या? मग तुझं ते यंत्र घे काखेत आणि जा तिच्याकडे. आम्ही येईपर्यंत तिथनं हलायचं नाही."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

 डोंगरावर नवं बर्फ पडलं होतं, आबा तिकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात त्यांच्या मागून, गल्लीच्या तोंडाशी, शाळेचा जुना ट्रक जाताना मेलिसनं पाहिला. ट्रकवर गावच्या तंबूचा सगळा सरंजाम होता. लाकडी जाळ्या, घुमटाचं चाक, लोकरीच्या नमद्याच्या गुंडाळ्या. वर बसलेल्या दोघांनी मेलिसकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

ऑक्टोबरात तंबू बाहेर निघतो तो लग्नासाठी नव्हे. लग्नं सगळी उरकलेली असतात. गावचा तंबू अशा दिवसांत कोठीतून निघाला की समजायचं, कुणाच्या तरी अंगणात तो उभा राहणार आणि त्यात कुणाला तरी ठेवणार. 

"आबा, कोण गेलं?"

"जा म्हटलं ना! विचारत काय बसलास?" आबा एकदम खेकसले, आणि लगेच, त्यांच्या स्वभावाला न शोभेल असा, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जा बाळा. ती वाट बघत असेल."

आता आमची रीत अशी, की मयताची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. फोनवरून तर मुळीच नाही. ज्याचं माणूस गेलं, त्याला ती सगळ्यांत शेवटी कळते. आधी गावाला कळतं. मग वडीलधारे जमतात, लांबचे नातेवाईक येऊन पोचतात, आणि सगळे मिळून त्या घरी जातात, दोन्ही बाजूंना बसतात, दंड धरतात, आणि मग सांगतात. एकट्यानं ऐकलं तर माणूस वेडा होईल, असं आमचे लोक म्हणतात, आणि खरं आहे ते. तोवर कुणाला तरी त्या माणसाजवळ बसवून ठेवायचं. गप्पा मारायच्या, चहा प्यायचा, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. हे बसवून ठेवायचं काम कुणालाच नको असतं.

आज ते काम आपल्या गळ्यात पडलंय, हे मेलिसनं ओळखलं. आणि कुणाजवळ बसायचं तेही ओळखलं. सायकालचा नवरा सेयित मॉस्कोत परांचीवर चढून इमारतींना पत्रे ठोकायचा. वारा असला तरी चढवतात, दोरीसुद्धा धड देत नाहीत, असं तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

 मेलिस सेयितच्याच भाऊबंदांतला, म्हणजे सायकाल त्याची वहिनी. लग्न होऊन आली तेव्हा शाळकरी मेलिसला तिनं पहिल्याच दिवशी पाणी आणायला पिटाळलं होतं, आणि तेव्हापासून दोघांचं जे एकमेकांना टोचणं सुरू झालं ते आजतागायत. दोन लहान मुलं तिला. गावच्या शाळेत शिकवायची, आणि नवऱ्यानं 'यंदा येतो, घर बांधू' म्हटल्यापासून घराशिवाय दुसरं बोलायची नाही.

मग त्याला आपला भाऊ आठवला. कुबात. तोही मॉस्कोतच.  पण कुबातनं उन्हाळ्यातच परांचीचं काम सोडलं होतं. उंचावर त्याला चक्कर यायची. आता तो पावाची गाडी चालवायचा, बेकरीतून दुकानात, दुकानातून बेकरीत. पावाच्या गाडीत काय व्हायचंय? 'हुश्श,' मेलिसच्या मनानं म्हटलं. 'आपलं कुणी नाही.' आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की त्यानं रस्त्यातच थुंकून कानाची पाळी धरली. लॅपटॉप काखेत मारून तो निघाला होता. आई गोठ्यात होती, तिला नुसतं ओरडून सांगितलं होतं, "सायकालवहिनीकडे जातोय!"

शेजारपाजारच्या घरांतून तापल्या तेलाचा वास सुटला होता. बायकांनी कणकेचे बोरसोक तळायला घेतले होते, म्हणजे पाहुणे पुष्कळ येणार होते.

सायकालनं दार उघडलं. डोळे लाल, नाक लाल.

"कांदा चिरत होते," त्यानं काही विचारायच्या आत तीच म्हणाली. "ये. चपला नीट काढ, रस्त्यात नको टाकूस."

"मुलं कुठेत?"

"आत्याकडे धाडलीत. कामाच्या वेळी लुडबुड नको."

आबांनी सगळी तजवीज केलेली दिसते, मेलिसच्या मनात आलं. मुलंसुद्धा हलवली. आणि हिला पत्ता नाही. तो खाली बसला, बैठ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, आणि सगळ्यांत आधी जे महत्त्वाचं तेच बोलला.

"वहिनी, तुमचा फोन जरा लांब ठेवा. मध्ये मध्ये वाजला की माझं लक्ष उडतं."

"कधीच बंद करून पिठाच्या डब्यात टाकलाय."

"पिठाच्या डब्यात?"

"उंदरांना कुणाशी बोलायचं असेल तर." ती हसली. हसली म्हणजे ओठ हलले. "तुझा कुठाय?"

"आबांनी घेतला."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि चहा ओतायला लागली. भांडं पूर्ण भरलं, काठावरून वाहिलं, तरी ओततच राहिली. आमच्याकडे पाहुण्याचं भांडं कधी भरून देत नाहीत, अर्धंच देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं. काठोकाठ भरलेलं भांडं म्हणजे 'पी आणि चालू लाग'. मेलिसला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"हं, सांगा. किती खोल्या?"

"तू सांग."

"अहो, घर तुमचं! वर्षभर माझं डोकं खाल्लंत, इथं खिडकी हवी, तिथं माजघर हवं. आता बोला की."

"तेच तर. एवढं डोक्यात होतं, आता आठवतच नाही बघ. तू काढायला लाग, मी बघते."

मेलिसनं प्रोग्राम उघडला. हा प्रोग्राम कुणी बनवला देव जाणे, पण आमच्या घरांत पाऊल न टाकलेल्या माणसानं बनवला एवढं नक्की. भिंत काढली की ती बोटभर जाडीची येते. आमच्या मातीच्या विटांच्या भिंती हातभर रुंद. आधी ते बदलावं लागतं, नाहीतर कागदावर ऐसपैस दिसणारी खोली बांधल्यावर कपाटाएवढी होते. सामानाच्या यादीत पोहण्याचा तलाव आहे, ताडाची झाडं आहेत, बागेतल्या झोपाळ्याचे ढीगभर प्रकार आहेत, पण दोन खोल्यांना ऊब देणारी साधी भिंतीतली चूल नाही. मेलिस चुलीच्या जागी नेहमी एक कपाट ठेवायचा आणि लोकांना सांगायचा, हे कपाट नाही, ही चूल आहे. गावातल्या दहाबारा घरांत अशी कपाटं जळत होती.

"हे कपाट नाही हां, वहिनी. चूल आहे."

"आणि हे काय?"

"ती भिंत. तिला धरून असं ओढायचं, की लांब होते. बघा."

"मला दे. मी काढते. तू नुसतं सांग." तिनं माऊस ओढून घेतला. दोनदा दाबलं तरी बाण भिंतीवर बसेना. मेलिस तिच्या बोटांकडे बघत राहिला. कळलंय का हिला? कसं कळणार? पण बायकांना आतून काही जाणवतं म्हणतात.

तिनं ओढलेली भिंत स्वयंपाकघर पार करून थेट चुलीतून आरपार गेली.

"अहो वहिनी, भिंत चुलीत घातलीत!"

"जाऊ दे. थंडीत ऊब लागेल तिला."

"अशानं घर पेटेल."

"मग तू विझव. पाणी आणायची सवय आहेच तुला."

ही अशी बोलली की मेलिसला जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच वाईट वाटायचं. आता हसतेय बिचारी. थोड्या वेळानं हिचं काय होणार? त्यानं भिंत मागे घेतली. तिनं दार बसवलं ते भिंतीवर उलटं, बाहेरून कडी लागणारं. त्यानं फिरवून दिलं. तिनं खिडकी घातली ती जमिनीला चिकटून. त्यानं वर उचलून दिली. मग तिनं काहीतरी भलतंच दाबलं आणि सगळी मधली खोली नाहीशी झाली.

"गेली?"

"गेली नाही, मागे घेता येतं. हे बाणाचं चिन्ह दाबायचं. जे झालं ते न झाल्यासारखं होतं."

सायकाल त्या चिन्हाकडे बघत राहिली. "सगळंच मागे घेता येतं?"

"फाइल बंद करेपर्यंत येतं."

तिनं माऊस बाजूला सारला. मेलिसला आपल्या जिभेला चटका द्यावासा वाटला.

वर्गात पोरांना पाढे शिकवणारी, एकदा सांगितलेलं न विसरणारी बाई. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या संगणकावर सगळ्यांचे निकाल हिनंच तर भरले होते. आज तिला भिंत ओढता येईना. पण मेलिसला वाटलं, मन थाऱ्यावर नाही, काही तरी लागलंय मनाला. दुसरं काही त्याच्या डोक्यातच आलं नाही. माणूस एकदा धरून बसला की दुसरीकडे बघतच नाही.

"मोटार ठेवायला छप्पर हवं ना?" तो म्हणाला. "सेयितदादा म्हणत होता."

"काढ की. इथं समोर, अंगणात."

मेलिसचा हात थांबला. पुढचं अंगण. आज-उद्या तिथंच तंबू उभा राहायचा होता, त्याच्या भोवती पुरुषांनी कमरेला पट्टे बांधून, काठीवर रेलून रडायचं होतं. त्या जागेवर मोटारीचं छप्पर काढायला त्याचं मन धजेना.

"नको वहिनी. अंगण मोकळंच राहू दे."

"का?"

"घराला... घराला अंगण मोकळं लागतं. कधी काय वेळ येईल."

सायकालनं पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की मेलिसला वाटलं, संपलं, ओळखलं हिनं, आता किंचाळणार. पण ती किंचाळली नाही.

"मेलिस," ती हळू म्हणाली, "हा लॅपटॉप तुला कुबातनं पाठवला ना?"

"हो. मागच्या नवरोजच्या सणाला." विषय बदलला म्हणून मेलिसचा जीव भांड्यात पडला आणि तो भडाभडा बोलत सुटला. "मी कॉलेज सोडून आलो तेव्हा सगळे मला नावं ठेवत होते. हा एकटा म्हणाला, असू दे, तू घरं काढ, मी बांधायला माणसं आणतो. येडाच आहे. परांचीवर चढून पहिल्याच दिवशी ओकला, माहितेय? सेयितदादानं खांद्यावर घालून उतरवला त्याला. परवा फोनवर म्हणत होता, गाडीत इतका पावाचा वास येतो की भूकच मेली. येणार आहे वसंतात. आई आत्तापासून मेंढी राखून बसलीय त्याच्यासाठी. मी म्हटलं, अगं आई, तोवर मेंढी म्हातारी होईल."

सायकाल उठली आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना डोक्याच्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबलेला मेलिसनं पाहिला. मग आतून आवाज आला. दाबलेला, घशात अडकलेला. कांदा बिंदा काही नव्हता.

मेलिस जागच्या जागी गोठला. उठावं की बसावं? सांगून टाकावं का? कुणी सांगितलंय की वडीलधाऱ्यांनीच सांगायचं? ही आत एकटी रडतेय, तिला जाणवलंय, आणि आपण इथं खिडक्या मोजत बसलोय! त्याला आबांचा राग आला, रीतीचा राग आला, त्या ट्रकचा राग आला. सेयितचासुद्धा आला. दोरी दिली नाही तर चढतो कशाला माणूस?

ती परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. मेलिसला राहवलं नाही.

"वहिनी, एक सांगू? काहीही झालं ना, काहीही, तरी तुम्ही एकट्या नाही. मी आहे. कुबात आहे. मुलांचं, घराचं, सगळं आम्ही बघू. घर बांधायला सगळा गाव येईल. तुम्ही हाय खाऊ नका."

सायकालचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तू... तू मला..." तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. "या खुदा! हा मला धीर देतोय!"

"काय म्हणालात?"

"काही नाही." तिनं झटकन येऊन त्याच्याशेजारी बैठक मारली, अगदी खांद्याला खांदा लावून. "छप्पर घाल. छपराविना घर बघवत नाही मला. निळं घाल. लवकर घाल, मेलिस."

त्यानं छप्पर घातलं. निळ्या पत्र्याचं, दोन्ही बाजूंना उताराचं. मग एक बटण दाबलं आणि घर पडद्यावर उभं राहिलं, आत जाऊन फिरता येतं तसं. दारातून आत, माजघर, मानाची बैठक, मुलांची खोली. खिडकीतून ऊन येत होतं. चांगलं झालं होतं घर. मेलिसनं शंभरदा असली घरं फिरून पाहिली होती, पण आज त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे घर आता कोण बांधणार?

बाहेर फाटक करकरलं. पुष्कळ पावलांचा आवाज आला, आणि कुणी बोलत नव्हतं.

आता.  त्यानं लॅपटॉप मिटला. आपलं काम त्याला ठाऊक होतं. हिच्याजवळ राहायचं, हिला धरायचं, पडू द्यायचं नाही. त्यानं सायकालकडे हात नेला, तर तिनंच त्याचं मनगट घट्ट धरलं. बोटं रुतली तिची.

मुकाश आबा आत आले. त्यांच्यामागून शाळेचे मास्तर. त्यांच्यामागून मौलवी. आणि त्यांच्यामागून मेलिसचे सख्खे काका, सातार काका, नारीन शहरातून आलेले, बुटांवर चिखल तसाच.

काका इथं कसे? मेलिसला कळेना. सायकालशी काकांचं नातं लांबचं. काका तर आईचेच धाकटे दीर. सेयितसाठी एवढ्या लांबून कशाला येतील?

माणसं बसायला लागली. आबा मेलिसच्या उजव्या हाताला बसले. काका डाव्या हाताला बसायला आले, तर सायकाल त्याचं मनगट न सोडता मागे सरकली. आबांनी त्याचा दंड धरला. काकांनी दुसरा.

"आबा," मेलिस कुजबुजला, त्यांची चूक चारचौघांत दिसू नये म्हणून अगदी हळू, "आबा, वहिनी तिकडे आहे. मागे."

कुणी हललं नाही. मास्तरांनी तोंड फिरवलं.

"आबा, तुम्ही चुकलात. वहिनीजवळ बसा."

"मेलिस," मुकाश आबा म्हणाले.  "मन घट्ट कर, बाळा. आपण सगळे त्याचेच आहोत. तो देतो, तोच परत बोलावतो. कुणाला आधी, कुणाला मागाहून. आज त्यानं आपल्या कुबातला बोलावलं."

मेलिसला ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. तो आबांच्या दाढीकडे बघत होता. दाढीत बोरसोकाचा एक कण अडकला होता.

"कुबात पावाची गाडी चालवतो," तो म्हणाला. समजावून सांगावं तसं म्हणाला. "परांचीवर जात नाही तो. सोडलं त्यानं ते. सेयितदादा जातो."

"गाडीच होती, बाळा. मध्यरात्रीनंतर. रस्त्यावर पाणी गोठलं होतं. समोरून मोठा ट्रक आला."

"नाही हो! त्याला गाडी येते चांगली!"

काका रडायला लागले. मोठा दणकट माणूस, पण मेलिसच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. त्यांचा भार अंगावर पडला तेव्हा कुठे मेलिसला कळलं की हे खरं आहे.   सगळं घर, ही भिंत, ते टेबल, चहाचं भांडं, सगळं होतं तसंच होतं, आणि कुबात नव्हता. कसं शक्य आहे? सकाळपासून नव्हता! भिंती ओढत होतो तेव्हाही नव्हता. त्याच्या पावाच्या गाडीवरून विनोद करत होतो तेव्हाही नव्हता.

त्यानं मागे वळून पाहिलं. सायकालनं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"सेयितचा फोन आला पहाटे," ती म्हणाली. आता ती उघड रडत होती, पुसतही नव्हती. "मीच आबांना जाऊन सांगितलं. तुझ्या हातात फोन असतो सारखा, कुणीतरी मूर्ख तुला लिहून पाठवेल म्हणून त्यांनी तुला माझ्याकडे धाडलं. मला भिंत ओढता येत नाही असं वाटलं तुला? अरे, मी किती ठिकाणी चुकणार होते अजून! काका पोचतच नव्हते." तिनं त्याचं मनगट आणखी आवळलं. "फोनवर सेयितचा आवाज ऐकला, तो रडत होता, आणि मी आधी काय म्हटलं माहितेय? 'तू जिवंत आहेस ना?' म्हटलं. तो म्हणाला कुबात गेला, आणि मी खुदाचे आभार मानले, मेलिस. तुझ्या भावाच्या वेळी मी आभार मानले. आणि तू मला सांगतोस, मी आहे, कुबात आहे!"

मेलिसनं तिच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता का? त्याला नाही आला. त्यानं तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"मीही मानले, वहिनी," तो म्हणाला. "येताना. रस्त्यात."

 मौलवींनी हात वर केले, सगळ्यांनी केले, तोंडावरून फिरवले.

मग एकाएकी मेलिस ताठ झाला. "आई!"

"तिला नाही माहीत अजून," मुकाश आबा म्हणाले. "म्हणून तर आधी तुला सांगितलं. ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. तिला सांगितल्याशिवाय तंबू आत नेता येत नाही. सेयित घेऊन येतोय कुबातला, विमानाचं बघतोय तो. पण आईला सांगताना तिच्याजवळ तिचं कुणीतरी हवं. तू आधी जा. तिला बसव. आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो."

"मी?"

"तूच. दुसरं कोण आहे आता तिला?"

"मला नाही जमणार, आबा! तिच्या तोंडाकडे बघवणार नाही मला!"

"बघायचं," आबा म्हणाले. "हिनं नाही बघितलं सकाळपासून तुझ्याकडे?"

सायकालनं त्याला उठवलं. तांब्यातलं गार पाणी त्याच्या तोंडावर मारलं, आपल्या रुमालानं पुसलं, केस सारखे केले, सदऱ्याचं बटण लावलं. "नाकानं श्वास घे," ती म्हणाली. "बोलता आलं नाही तर कामाचं काहीतरी बोल. मी तेच केलं."

गल्लीत माणसं भिंतींना लागून उभी होती. कुणी त्याला हाक मारली नाही. त्यानं आपल्या घराचं फाटक ढकललं.

आई अंगणात बाकाशेजारी उभी राहून दुधाच्या बादल्या धूत होती. बाह्या वर सरकवलेल्या, हात कोपरापर्यंत लाल.

"आलास? झालं का सायकालचं घर?"

"झालं."

"मोठं काढलंस ना? सेयित आडदांड आहे, पाय पसरता यायला हवेत त्याला."

"मोठं काढलं. छप्पर निळं."

"निळं चांगलं. आपलंही वसंतात निळंच करू, कुबात आला की." तिनं बादली उपडी घातली आणि त्याच्याकडे बघितलं. "तोंड का असं उतरलंय? जेवायला दिलं नाही वाटतं तिनं?"

"दिलं. ये ना आई, बस जरा."

"बसून कसं चालेल, अजून गोठा झाडायचाय."

"मी झाडतो नंतर. बस माझ्याजवळ."

ती हात झटकत, पुटपुटत बाकावर बसली. मेलिस तिला चिकटून बसला, तिच्या दंडात हात घातला आणि घट्ट धरला. तिचा हात गार होता, ओला होता. तिला हसू आलं.

"आज काय लाड चाललेत? लग्नबिग्न ठरवून आलास की काय?"

मेलिसनं तिच्या तोंडाकडे बघितलं. सुरकुत्या, खालच्या दातांतली फट, भुवईवर उडालेला साबणाचा फेस. अजून काही झालेलं नव्हतं तिथं.

बाहेर फाटकाची कडी वाजली.

"बघ बरं कोण आलं," म्हणत आई उठायला लागली. मेलिसनं तिला उठू दिलं नाही.